एक यंत्र, अनेक पडदे : प्रताप नगरातील घरगुती चित्रपटयंत्रणेचा पूर्वेतिहास

नागपूरच्या नैर्ऋत्येस खामला, त्रिमूर्ती नगर, गोपाल नगर आणि स्वावलंबी नगर यांना लागून असलेले प्रताप नगर हे शहरातील ज्या वस्तीप्रकाराचा नमुना आहे, त्याला नागपूरकर 'ले-आउट' म्हणतात. शेतजमिनीवर आखणी करून रस्ते सोडायचे, उरलेल्या जमिनीचे भूखंड पाडायचे आणि ते नोकरदार कुटुंबांनी एकेक करून विकत घ्यायचे, अशा रीतीने या वस्त्या उभ्या राहिल्या. अशा भूखंडावरचे घर बहुधा एका पिढीत पूर्ण होत नाही. आधी तळमजला बांधला जातो, काही वर्षांनी त्यावर मुलाच्या संसारासाठी किंवा भाडेकरूसाठी मजला चढतो, आणि आई-वडील खाली, मुलगा-सून वर, मागच्या खोल्यांत शिकणारी मुले अशी घराची रचना ठरून जाते. एकाच छपराखाली तीन-चार खोल्यांत तीन-चार दूरचित्रवाणी संच असण्याचे मूळ या रचनेत आहे. त्या सर्व संचांना एकाच, स्वस्त आणि आवाज न करणाऱ्या संगणकावरून चित्रपट कसे पुरवावेत, हा अलीकडचा वाटणारा प्रश्न म्हणूनच पुष्कळ जुना आहे, कारण यंत्रे बदलत गेली तरी एका स्रोतावर अनेक पडदे चालवण्याची गरज या घरांनी गेली चार दशके प्रत्येक तंत्राकडे मांडलेली आहे.

नागपुरात दूरदर्शनचे प्रक्षेपण सुरू झाले ते १९८२ साली, म्हणजे ज्या वर्षी देशात रंगीत प्रक्षेपणाला आरंभ झाला आणि दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या त्याच वर्षी. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सोडलेला इन्सॅट-१ए हा उपग्रह सप्टेंबरमध्ये निकामी झाला, त्यामुळे उपग्रहावर विसंबलेले कार्यक्रम स्थिरावण्यास ऑगस्ट १९८३ मध्ये गेलेल्या इन्सॅट-१बी ची वाट पाहावी लागली. शहराच्या पश्चिमेकडील सेमिनरी हिल्सवर दूरदर्शनचे केंद्र आणि मनोरा उभा राहिला आणि प्रताप नगरच्या गच्च्यांवरील अँटेना उत्तरेकडे तोंड करून बसवल्या जाऊ लागल्या. या अँटेनेला तंत्रज्ञ 'यागी' म्हणतात. एका आडव्या दांडीवर कमी-अधिक लांबीच्या अॅल्युमिनियमच्या नळ्या बसवून ती तयार होते आणि ज्या दिशेला तिचे टोक असेल त्या दिशेचे तरंग ती अधिक जोमाने टिपते. रेडिओप्रमाणेच दूरचित्रवाणी संचालाही तेव्हा परवाना लागत असे व त्याचे शुल्क डाकघरात भरावे लागे. ही पद्धत ऐंशीच्या दशकाच्या मध्यास संपली.

घरात दुसरा संच आला की अडचण सुरू होई. अँटेनेकडून येणारा संदेश 'स्प्लिटर' नावाच्या लहानशा धातूच्या डबीने दोन वाटांत विभागता येई, परंतु प्रत्येक वाटेला मूळ शक्तीच्या अर्ध्याहूनही थोडी कमी शक्ती मिळे आणि चार वाटा केल्या तर ती पाव हिश्शाच्याही खाली जाई. पडद्यावर मुंग्या दिसू लागत. त्यावर 'बूस्टर', म्हणजे संदेश वाढवणारे विजेवरचे यंत्र, बसवले जाई. मात्र ते संदेशाबरोबर त्यातली खरखरही वाढवी. वाटणी जितकी जास्त तितका प्रत्येकाच्या वाट्याचा माल कमी, हा नियम येथे पहिल्यांदा घराघरांत अनुभवाला आला.

व्हीसीआर म्हणजे चित्रफीत वाजवणारे यंत्र १९८२ नंतर मध्यमवर्गाच्या आवाक्यात हळूहळू येऊ लागले, परंतु ते विकत घेणाऱ्यांपेक्षा रात्रीपुरते भाड्याने आणणाऱ्यांची संख्या मोठी होती. याच यंत्राने 'केबल' या धंद्याला जन्म दिला. मुंबईतील उंच इमारतींत आणि हॉटेलांत १९८४ च्या सुमारास एका खोलीत व्हीसीआर ठेवून त्यातील चित्रपट तारेने सर्व सदनिकांत पोहोचवण्याची पद्धत सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत ती राज्यातील इतर शहरांत पसरली. व्हीसीआरमधून निघणारे चित्र व ध्वनी एका विशिष्ट वारंवारतेवर चढवणाऱ्या उपकरणाला 'मॉड्युलेटर' म्हणतात. ते चढवले की दूरवरचा संच तो संदेश एखाद्या वाहिनीसारखाच पकडू शकतो. ज्या खोलीत ही यंत्रे असत तिला धंद्यातील लोक 'कंट्रोल रूम' म्हणत, आणि त्या खोलीचे तांत्रिक स्वरूप पाहिले तर आज घरातील कपाटात ठेवलेल्या चित्रपट-संगणकाची ती थेट पूर्वज ठरते, कारण साठा एका ठिकाणी, पाहणारे अनेक ठिकाणी आणि मध्ये तार, ही तिची मांडणी होती. तिची कायदेशीर बाजू मात्र कमकुवत होती. १९८४ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात चित्रफितींचा समावेश होऊन शिक्षा कडक झाल्या, तरी गल्लीतल्या तारेवरून दाखवल्या जाणाऱ्या नव्या चित्रपटांच्या हक्कांची विचारणा क्वचितच होई.

जानेवारी १९९१ मधील आखाती युद्धाच्या थेट चित्रणाने उपग्रह वाहिन्यांकडे लक्ष वेधले. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टारच्या वाहिन्या एशियासॅट-१ या उपग्रहावरून सुरू झाल्या आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही आली. केबलवाल्याच्या गच्चीवर मोठी जाळीदार तबकडी बसली, व्हीसीआरशेजारी उपग्रहाचे संदेश पकडणाऱ्या यंत्रांची रांग लागली आणि विजेच्या खांबांवरून, झाडांवरून, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर काळ्या समाक्ष तारा पसरल्या. समाक्ष तार म्हणजे मधोमध तांब्याची वाहिनी, तिच्याभोवती विद्युतरोधक आवरण आणि त्यावर जाळीचे कवच अशी बाहेरच्या गोंगाटापासून संदेश सांभाळणारी तार. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा १९९५ साली होईपर्यंत हा सारा व्यवसाय नियमांविना वाढला, आणि कायद्यानंतरही ग्राहकाशी त्याचे नाते वस्तीतल्या ओळखीचेच राहिले.

या काळाचे एक वैशिष्ट्य पुढील सर्व घडामोडी समजण्यासाठी ध्यानात ठेवले पाहिजे. संदेश अनुरूप, म्हणजे लहरींच्या चढउतारांत थेट चित्र साठवलेला, असल्यामुळे तो पकडण्यास संचाबाहेरचे कोणतेही यंत्र लागत नसे. घरात एक तार आली की स्प्लिटर लावून ती बैठकीत, वरच्या मजल्यावर आणि मागच्या खोलीत नेता येई, प्रत्येक संचावर निरनिराळी वाहिनी पाहता येई आणि महिन्याचे पैसे बहुधा एकाच जोडणीचे द्यावे लागत. १९९९ साली अल्फा मराठी आणि २००० साली ई टीव्ही मराठी सुरू झाल्यावर खालच्या मजल्यावर मराठी मालिका, वर क्रिकेट आणि मागे संगीतवाहिनी असे एकाच वेळी चालणे शक्य झाले. अनेक पडद्यांच्या घराला याहून स्वस्त व्यवस्था पुढे कधीच मिळाली नाही, आणि म्हणून तिच्या अंताची झळही अशाच घरांना अधिक लागली.

संगणक या गोष्टीत शिरला तो चकतीच्या वाटेने. नव्वदच्या दशकात आलेल्या व्हीसीडी या चकतीवर साधारण ७४ मिनिटांचे चित्रण मावे, त्यामुळे एक हिंदी चित्रपट दोन किंवा तीन चकत्यांवर येई. मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेल्या संगणकात चकती वाजवण्याची सोय असल्याने वेगळा व्हीसीडी प्लेअर येण्याआधीच अनेक घरांनी चित्रपट संगणकाच्या पडद्यावर पाहिले. हे संगणक बहुधा 'असेंबल्ड' असत. म्हणजे सीताबर्डीवरील, नागपूरकरांच्या तोंडी नुसत्या 'बर्डी'वरील, दुकानात मदरबोर्ड, स्मृती, हार्ड डिस्क आणि पेटी निरनिराळी निवडून तेथेच जोडून घेतलेले. याच सुमारास 'टीव्ही ट्यूनर' नावाचे कार्ड मिळू लागले. ते संगणकात बसवून केबलची तार जोडली की पडद्यावर वाहिन्या दिसत आणि हार्ड डिस्कवर त्यांचे चित्रमुद्रणही करता येई. वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांना दुसरा संच घेण्यापेक्षा हे परवडे. व्हीएनआयटीसारखी अभियांत्रिकी संस्था हाकेच्या अंतरावर असलेल्या या भागात अशी सोय समजणारे आणि समजावून देणारे तरुण कमी नव्हते.

पश्चिमेत हा विचार पुढे नेला गेला. ऑक्टोबर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची 'मीडिया सेंटर' ही आवृत्ती काढली, जी दूरनियंत्रकाने, सोफ्यावर बसून चालवता येईल अशा मोठ्या अक्षरांच्या मांडणीची होती. त्याच वर्षी लिनक्सवर चालणारी मिथटीव्ही ही मुक्त प्रणाली सुरू झाली, आणि मूळ एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी हौशी मंडळींनी रचलेली एक्सबीएमसी पुढे २०१४ मध्ये कोडी या नावाने ओळखली जाऊ लागली. अनेक संचांच्या दृष्टीने महत्त्वाची कल्पना २००४ मधील 'एक्स्टेंडर'ची होती. मुख्य संगणक एका खोलीत राहील आणि इतर संचांजवळ ठेवलेली लहान यंत्रे घरातील जाळ्यावरून त्याच्याकडून चित्र मागून घेतील, असे तिचे स्वरूप होते. भारतात या एक्स्टेंडरांचा प्रसार झाला नाही, कारण ती यंत्रे महाग होती आणि केबलची तार तेच काम जवळजवळ फुकटात करत होती. तंत्र आधीच सिद्ध असूनही प्रताप नगरसारख्या वस्तीत ते दहा वर्षे उशिरा का आले, याचे उत्तर स्प्लिटरच्या स्वस्ताईत आहे.

ती स्वस्ताई २०१३ साली संपली. केबल कायद्यातील २०११ च्या दुरुस्तीने केबलचे अंकीकरण, म्हणजे संदेश डिजिटल करणे, सक्तीचे झाले. पहिल्या टप्प्यात महानगरे आली आणि ३१ मार्च २०१३ ही मुदत असलेल्या दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत नागपूरचा समावेश होता. अंकीय संदेश कुलूपबंद असतो व तो उघडण्यासाठी प्रत्येक संचाला स्वतंत्र सेट-टॉप बॉक्स लागतो. म्हणजे घरात येणारी तार तीच राहिली, पण स्प्लिटरने वाटलेल्या प्रत्येक टोकाला एकेक पेटी आणि तिच्यामागे एकेक हिशेब आला. २००३ पासून सुरू झालेल्या डीटीएच म्हणजे थेट उपग्रहावरून घरी येणाऱ्या सेवांतही हीच रीत होती. अंकीकरणाने चित्र स्वच्छ झाले, वाहिन्या वाढल्या, सरकारला ग्राहकांची खरी संख्या कळू लागली, हे सर्व मान्य केले तरी तीन संचांच्या कुटुंबाला आपण एकाच घराचे तीन ग्राहक झालो आहोत याची जाणीव दर महिन्याला होऊ लागली, आणि हा भार त्यांच्यावर पुरेशा विचाराविना टाकला गेला असे म्हणणे भाग आहे. नियामकाकडूनही याची दखल उशिराच घेतली गेली. फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या नव्या दररचनेत १०० वाहिन्यांपर्यंतचे जाळेशुल्क, म्हणजे वाहिन्यांच्या किमतीखेरीज केवळ जोडणीसाठी द्यावयाची रक्कम, कमाल १३० रुपये व कर असे ठरले. परंतु घरातील दुसऱ्या व पुढील संचांसाठी हे शुल्क मूळच्या ४० टक्क्यांहून अधिक घेऊ नये, असा बदल जानेवारी २०२० मध्ये झाला.

घरातच साठा ठेवून तो सर्व पडद्यांना वाटण्याकडे कुटुंबे वळली ती या पार्श्वभूमीवर. स्वतःच्या मालकीच्या डीव्हीडी, घरच्या लग्नमुंजींची चित्रणे, मुलांचे जुने कार्यक्रम, गाण्यांचे संग्रह हे सर्व एका संगणकात भरून ठेवायचे आणि खोलीखोलीत पाहायचे. असा संगणक निवडताना येणाऱ्या अडचणींपैकी किंमत आणि जोडणी यांचा विचार जगभर सारखाच होतो. नागपुरात मात्र त्यात हवामान येते, आणि त्याची चर्चा सविस्तर करावी लागेल, कारण शांत यंत्र या कल्पनेचा अर्थ येथे उष्णतेने ठरतो.

संगणकाचा आवाज मुख्यतः पंख्याचा, आणि जुन्या यंत्रांत फिरत्या हार्ड डिस्कचाही, असतो. चिप जेवढी वीज खाते तेवढी उष्णता बाहेर टाकते. २००४ च्या सुमारास आलेल्या पेंटियम ४ च्या चिपा ८० ते ११५ वॅटपर्यंतच्या होत्या, त्यामुळे त्यांचे पंखे सतत घोंघावत. उष्णता बाहेर पडण्याचा वेग चिप आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असतो. युरोपातील वीस अंशांच्या खोलीत जे यंत्र निःशब्द चालते, तेच मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि बंद कपाटात त्याच्या जवळपास तापमान असताना पंखा पूर्ण वेगाने फिरवूनही तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. परदेशी परीक्षणांतील डेसिबलचे आकडे म्हणूनच नागपूरच्या उन्हाळ्याला लागू पडत नाहीत. डेसिबल हे ध्वनीचे माप गुणोत्तरी असल्याने दहा डेसिबलची वाढ कानाला जवळजवळ दुप्पट आवाजासारखी वाटते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

यात कुलरची भर पडते. खिडकीत बसवलेला लोखंडी पत्र्याचा, वाळ्याच्या किंवा लाकडाच्या तंतूंच्या ताट्यांचा कुलर हे विदर्भातील उन्हाळ्याचे अविभाज्य यंत्र आहे, आणि तो चालू असताना संगणकाच्या पंख्याचा आवाज ऐकू येत नाही; उलट टीव्हीचाच आवाज वाढवावा लागतो. म्हणजे संगणक सर्वाधिक आवाज करतो त्या महिन्यांत तो कुणाला ऐकू येत नाही, आणि दिवाळीनंतर कुलर उतरवला, छताचा पंखाही बंद झाला, की त्याची बारीकशी गुणगुणही रात्रीच्या शांत प्रसंगात खुपू लागते. नागपूरच्या घरासाठी निवडावयाच्या यंत्राची खरी कसोटी अशी दुहेरी आहे: उन्हाळ्यात ते तापून बंद पडता कामा नये आणि हिवाळ्यात ते ऐकू येता कामा नये. कुलरची दमट हवा आणि उन्हाळी धूळ एकत्र आली की पंख्यामागील धातूच्या पात्यांवर चिकट थर बसतो, ज्यामुळे पुढच्या वर्षी तोच संगणक अधिक तापतो. पंखा नसलेल्या यंत्राला हा त्रास बराच कमी होतो, परंतु त्याला मोकळी हवा तरी हवीच, बंद कपाट त्याला मानवत नाही.

या कसोटीला उतरणारी यंत्रे टप्प्याटप्प्याने आली. व्हिया कंपनीने २००१ मध्ये आणलेल्या १७ सेंटिमीटर चौरस 'मिनी-आयटीएक्स' बोर्डांनी लहान संगणकाची वाट उघडली. २००८ मध्ये इंटेलची अॅटम ही अल्पविद्युत चिप आली, पण उच्च प्रतीचे चित्रण उलगडण्यास ती एकटी अपुरी पडे. चित्रण दाबून साठवलेले असते आणि दाखवताना ते उलगडावे लागते. हे काम सर्वसाधारण चिपेऐवजी त्यासाठीच बनवलेल्या भागाकडे दिले की वीज आणि उष्णता दोन्ही कमी लागतात. २०११ पासून इंटेलच्या नेहमीच्या चिपांत असा भाग अंगभूत येऊ लागला, हा शांत चित्रपट-संगणकाच्या इतिहासातील निर्णायक बदल होय. फेब्रुवारी २०१२ मध्ये ३५ डॉलर किमतीचा रास्पबेरी पाय आला आणि प्रत्येक संचामागे एकेक संगणक ठेवणे प्रथमच विद्यार्थ्याच्या खिशाला परवडण्याजोगे झाले. २०२३ मध्ये आलेल्या इंटेल एन१०० या चार गाभ्यांच्या चिपेची निर्धारित उष्णता अवघी सहा वॅट आहे.

अनेक संचांसाठी एकाच संगणकाला दोन-तीन एचडीएमआय तारा जोडण्याचा मोह नवख्यांना होतो. तो प्रयोग फसतो, कारण साधी तांब्याची एचडीएमआय तार दहा-पंधरा मीटरपलीकडे भरवशाची राहत नाही, आणि एकाच संगणकावर एका वेळी एकच माणूस काम करील या गृहीतकावर त्याची प्रणाली उभी असल्याने दोन खोल्यांत दोन निरनिराळे चित्रपट व त्यांचे ध्वनी वेगळे ठेवणे अवघड जाते. साठ्याचा संगणक एक आणि प्रत्येक संचाजवळ स्वस्त ग्राहकयंत्र, ही एक्स्टेंडरचीच जुनी मांडणी अधिक टिकाऊ ठरली. साठ्यातील चित्रपट वाटणारी प्लेक्स ही प्रणाली किंवा २०१८ मध्ये एंबी या तशाच प्रणालीपासून फुटून निघालेली मुक्त प्रणाली जेलीफिन साठ्यावर चालवायची, आणि घर बांधताना किंवा रंगकामाच्या वेळी भिंतीतून जाळ्याची तार ओढून घ्यायची, जी शंभर मीटरपर्यंत निर्वेध चालते. ग्राहकयंत्राला मूळ स्वरूपातील चित्रण वाचता येत असेल तर साठ्याच्या संगणकावर जवळजवळ कामच पडत नाही. वाचता येत नसेल तर त्याला ते चालता चालता दुसऱ्या स्वरूपात बदलावे लागते, आणि शांत यंत्राचा पंखा जागा होतो तो याच वेळी. ग्राहकयंत्रांवर चार पैसे अधिक खर्च करून साठ्याचा संगणक साधा ठेवणे हा म्हणून शहाणपणाचा व्यवहार आहे.

विजेचा हिशेबही त्याच बाजूने जातो. सतत १०० वॅट खाणारा जुना संगणक दिवसरात्र चालू ठेवला तर महिन्याला ७२ युनिट लागतात, दहा वॅटच्या लहान यंत्राला सात. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढत असल्याने, उन्हाळ्यात कुलर आणि वातानुकूलन यंत्र आधीच चालू असलेल्या घरात हे जादा युनिट वरच्या दराने मोजले जातात. फुकटात मिळालेला जुना संगणक साठ्यासाठी वापरणे काही वर्षांच्या बिलांत नव्या लहान यंत्रापेक्षा महाग पडते ते असे.

दरम्यान पडद्याकडे जाणारा मुख्य प्रवाह पुन्हा घराबाहेर गेला. २०१६ नंतर स्वस्त झालेली इंटरनेट-जोडणी, २०१७ मध्ये भारतात आलेली फायर टीव्ही स्टिक आणि त्यानंतरचे स्मार्ट टीव्ही यांनी चित्रपटांचा साठा दूरच्या कंपन्यांच्या ताब्यात नेला. या कंपन्यांच्या सेवा संगणकाच्या ब्राउझरवर हक्कसंरक्षणाच्या कारणाने पुष्कळदा कमी प्रतीचे चित्र देतात, आणि एका सदस्यत्वावर एका वेळी किती पडदे चालावेत याचीही मर्यादा घालतात. स्वतःचा साठा बाळगणाऱ्यांची संख्या त्यामुळे घटली आहे. जी कुटुंबे तो अजून बाळगतात, त्यांच्याकडे बहुधा दुकानातल्या झगमगीत चित्रपट-संगणकाऐवजी कार्यालयांतून मुदत संपल्यावर बाहेर पडलेला, दुरुस्त करून विकला जाणारा, जाडजूड पुस्तकाएवढा संगणक असतो. त्यात घन-स्मृतीची डिस्क टाकलेली असते, मोठी फिरती डिस्क वेगळ्या खोलीत असते, आणि त्याच्यापासून निघालेल्या तारा नव्वदच्या दशकात केबलसाठी भिंतीत पाडलेल्या त्याच भोकांतून वरच्या मजल्यावर जातात.